मामाजींचे पाय

माझे सासरे, आमचे मामाजी, माझ्याशी बैलाच्या मार्फत बोलत. हे मी थट्टेनं सांगत नाही. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही आणि सासऱ्यानंही सुनेला थेट काही म्हणायचं नाही, अशी तेव्हा आमच्याकडची रीत होती. काही सांगायचंच असलं तर मध्ये कुणीतरी लागे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरात असल्या तर त्या. नसल्या तर कोठ्यात बांधलेला डावा बैल. "आज आंघोळीले पाणी ठेवलं नाही वाटते," असं मामाजी बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणत, आणि मी चुलीपासून उठून हंडा चढवी. खरं सांगायचं तर मला आत्याबाईंपेक्षा बैल बरा वाटे. आत्याबाई निरोप पोचवताना मधल्यामध्ये पदरचे दोन शब्द घालत. बैल काही घालत नसे.

माझं माहेर फुलचूरचं. गोंदिया तिथून हाकेवर. वडील धानाच्या गिरणीत कामाला, शेजारी निम्मे हिंदी बोलणारे, त्यामुळं माझ्या तोंडात मराठीबरोबर हिंदी सरमिसळ असायची. जात आमची कोहळ्यांची, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांची. पण वडिलांनी गाव लहानपणीच सोडलेलं, तलावाच्या गोष्टी ते ऐकीव सांगत. स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली असतील तेव्हा माझं लग्न झालं आणि मी प्रतापगडाच्या डोंगराकडच्या एका गावात येऊन पडले. तिथं तलाव ऐकीव नव्हता. घराच्या मागं चढ, चढावर मातीची लांबलचक पाळ, पाळीमागं डोळ्यांत न मावणारं पाणी. पाळीच्या खाली गाव आणि गावाच्या खाली धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं, एकीखाली एक. पहिल्या दिवशी मी पाळीवर उभी राहून खाली पाहिलं. एवढं पाणी आपल्या डोक्यावर घेऊन हे लोक झोपतात कसे, हा माझा सासरच्या माणसांविषयीचा पहिला विचार.

ते झोपत मामाजींच्या भरवशावर. मामाजी रोज सकाळी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात, अनवाणी. पाळीच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता, तलावाचा राखणदार. तिथं वहाणा काढायच्या आणि मग पाळीवर पाय ठेवायचा, हा गावातल्या सगळ्यांचाच नेम. मला वाटे, देवासाठी असेल. गावालाही तसंच वाटे. मामाजी परत आले की कधी म्हणत, "अमुक ठिकाणी माती टाका," की माणसं टोपल्या घेऊन निघत. कुणी का म्हणून विचारत नसे. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच गेली होती, तलाव आता सरकारचा झाला असं सगळे म्हणत; पण सरकार अजून पाळीवर काही आलं नव्हतं. तोवर मामाजींचे पाय होते.

माझ्या नवऱ्यानं एकदा त्यांना विचारलं होतं, बाबा, तुम्हाला कळते कसं? मामाजी म्हणाले, "पायाले लागते." कसं लागते? "लागते म्हंजे लागते." इतकंच. हे मला नवऱ्यानं हसून सांगितलं. माझा नवरा फार चांगला माणूस, पण बोलका. मामाजींनी त्याला लहानपणापासून पाळीवर नेलं, तोही अनवाणी चालला, पण सगळा वेळ बोलत चालला. पायाला काही लागण्याआधी याच्या तोंडाला लागलेलं असायचं. शेवटी मामाजींनी नाद सोडला.

माझ्या पायांची गंमत वेगळी. माहेरी आम्ही चपला घालणारे. सासरी मोठ्यांसमोर सुनेनं चपला घालायच्या नाहीत म्हणून माझ्या चपला पहिल्याच दिवशी फळीवर गेल्या आणि माझे हाल सुरू झाले. धान कापलेल्या बांधीतून चालताना धसकटं टोचत, मुरमाच्या वाटेवर मी उड्या मारत चाले. शेजारच्या बाया दारात उभ्या राहून पाहत. "टेसनवालीच्या पायाले लोणी लावलं आहे," आत्याबाई म्हणत. टेसनवाली, म्हणजे गोंदियाच्या स्टेशनाकडची, हे माझं सासरचं पहिलं नाव. मला राग येई. मी जात्याच तापट, पण नव्या सुनेचा राग कोण विचारतो. मी तो भांड्यांवर काढी. "भांडे कायले आपटून राहिली?" असं आत्याबाईंनी विचारलं की मी म्हणे, "हातातून सुटले."

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. मी ओसरी शेणानं सारवून नुकती उठले होते. मामाजी पाळीवरून आले आणि कडेकडेनं चालत खाटेवर जाऊन बसले. ओल्या सारवणावर त्यांची पावलं उमटली. एका पावलात लाल होतं. मी नीट पाहिलं. पुढच्या पावलात जास्त लाल, त्याच्या पुढच्यात आणखी. मी पावलांच्या मागं मागं नजर नेली तर मामाजी खाटेवर बसून अंबाडीचा दोर वळत होते, चेहरा शांत, आणि उजव्या तळव्यात बाभळीचा काटा बोटाच्या पेराएवढा आत गेलेला. रक्त जमिनीवर ठिबकत होतं. त्यांना पत्ताच नव्हता.

मी पाहते आहे हे त्यांनी पाहिलं. मग माझी नजर कुठं आहे ते पाहिलं. मग खाली पाहिलं. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी आजही विसरले नाही. भीती होती ती. एवढा मोठा माणूस, गाव ज्याच्या पायावर झोपतं, आणि त्याचा पाय त्यालाच काही सांगेनासा झालेला. त्यांनी काटा उपटला, तोही दुसऱ्याच्या पायातला उपटावा तसा. आधीच्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. तेव्हापासून पाय हळूहळू बधिर होत गेले असणार. पुढं गोंदियाच्या डॉक्टरांनी पाहिलं, ते म्हणाले नसा सुकल्या. पण तोवर हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, आत्याबाईंनाही नाही.

मी फडकं आणून रक्त पुसलं आणि तेवढी जागा पुन्हा सारवली. मामाजी उठून कोठ्यात गेले. "घरातली गोष्ट घरात राह्यली पाह्यजे बापा," ते बैलाला म्हणाले. मी चूल फुंकायला लागले. त्या दिवशी मी भांडी आपटली नाहीत.

दोन-तीन दिवस गेले असतील. जेवता जेवता मामाजी आत्याबाईंना म्हणाले, "बांधीत पेज घेऊन येतात ते पाळीवरून आणत जा म्हणा." पेज नेणारी मी. आत्याबाई म्हणाल्या, "पाळीवरून कायले? लांब पडते." मामाजी म्हणाले, "पाळीवरून आणली तं गरम राहते." लांबच्या वाटेनं आणलेली पेज गरम कशी राहील हे आत्याबाईंना कळेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी भाताकडं पाहिलं. "बुढ्याचं डोकं फिरलं," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

तर मी पेजेचं मडकं डोक्यावर घेऊन पाळीवरून जायला लागले. पुढं मी, दहा-वीस हात मागं काठी टेकत मामाजी. खरं तर सासऱ्याच्या पुढं सून चालत नाही. पण रस्ता अरुंद, आणि मामाजी मोहाच्या झाडाशी वहाणा काढायला मुद्दाम वेळ लावत, म्हणजे मी आपसूक पुढं जाई. पदर नाकापर्यंत ओढलेला, त्यामुळं मला पुढचं चार हातांपलीकडं दिसत नसे. दिसत नव्हतं म्हणून पायच काय ते कळवत. माझे लोण्याचे पाय. एके ठिकाणी तळव्याला एकदम गार लागलं, मी थबकले. मागून काठीचा आवाज जवळ आला. मी बाजूला सरले. मामाजी खाली बसले, जिथं माझा पाय होता तिथं त्यांनी तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला. हात त्यांचे अजून जिवंत होते. मग उठून जमिनीला म्हणाले, "पाऊस."

म्हणजे हे पावसाचं ओलं. मी पुढं चालले.

असं आमचं शिक्षण सुरू झालं. मी थांबायचं, त्यांनी हात ठेवायचा आणि जमिनीला एक शब्द सांगायचा. बहुतेक वेळा "पाऊस". कधी "खेकडा", म्हणजे खेकड्यानं बीळ पोखरलं आहे. एकदा "काही नाही", आणि तेव्हा मला शाळेत नापास झाल्यासारखं वाटलं. श्रावणात कधीतरी पाळीच्या उतारावर माझा पाय थांबला, त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, "तलाव." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वहाणा काढायच्या त्या देवासाठी नाहीत. किंवा देवासाठीही असतील, पण देवानं त्या पायासाठी काढायला लावल्या असतील.

पावसाचं ओलं आणि तलावाचं ओलं यात फरक काय, हे मला आजवर कितीदा तरी विचारून झालं आहे. मी सांगते, पावसाचं ओलं कातड्याला लागतं आणि तलावाचं टाचेत चढतं. सांगून होतं आणि वाटतं, छे, असं नाहीच ते. पायात होतं तेव्हा पक्कं होतं, जिभेवर आलं की अर्धं खोटं झालं. मग मी चिडते आणि म्हणते, लागते म्हणजे लागते. समोरच्याला वाटतं म्हातारी टाळते आहे. मामाजीही टाळत नव्हते, हे मला तेव्हा कळतं.

त्या जागी माती कुटून भरली गेली. कुटताना आतून गढूळ पाणी आलं, सगळ्यांनी पाहिलं. "बुढ्याचा पाय अजून खरा आहे," गाव म्हणालं. मामाजी काठी टेकत घराकडं निघाले. मी घरी येऊन पितळी अशी आदळली की तिला पोचा आला. पाय माझा आणि नाव त्यांचं! आत्याबाईंनी काही विचारलं नाही, नुसती पितळी उचलून उजेडात धरून पाहिली. त्या वर्षी प्रतापगडच्या शिवरात्रीच्या जत्रेला मामाजी एकटेच गेले. ते आले त्या संध्याकाळी मी बैलाला तणीस टाकायला गेले तर गव्हाणीत कागदाची पुडी. आत रेवड्या. बैल रेवड्या खात नाहीत हे मामाजींना माहीत होतं. मी तिथंच कोठ्यात उभी राहून निम्म्या खाल्ल्या आणि माझा राग उतरला. इतका स्वस्त होता माझा राग.

आता पुढच्या सालच्या भादव्याची गोष्ट, जिच्यासाठी एवढं सगळं सांगितलं.

त्या साली पाऊस चांगला झाला. तलाव काठोकाठ. धान पोटरीला आलं होतं, लोंबी पोटात धरून उभं होतं, आणि गाव खुशीत होतं, कारण आता वरून पाऊस पडला नाही तरी तलावाचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पुरणार होतं. दोन-तीन दिवस उघाड पडली. कडक ऊन. पाळीची माती वरून वाळून पांढरी पडली. आणि त्या वाळलेल्या मातीवर, तुडुमाच्या जरा अलीकडं माझा पाय थांबला. पाणी सोडायचं भोक असतं त्याला आमच्याकडं तुडूम म्हणतात. गार लागलं म्हणावं तर गार नव्हतं. ओलं तर नव्हतंच. तळव्याखाली जमीन किंचित, अगदी किंचित, दमल्यासारखी वाटली. मी पाय उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा तसंच.

मामाजी बसले. एक हात ठेवला, मग दुसरा. मडक्यातली पेज थंड झाली. ते उठले तेव्हा जमिनीला काही म्हणाले नाहीत. तलावाकडं पाहिलं, खाली गावाकडं पाहिलं, आणि मग हळूच म्हणाले, "तलाव." आवाज वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाव पाळीवर बोलावलं. मोहाच्या झाडाखाली माणसं बसली. बाया एका बाजूला, त्यात मी आणि आत्याबाई. मामाजी म्हणाले, तुडूम उघडा, कमरेइतकं पाणी उतरवा, पाळ आतून सुटून राहिली आहे. ऐन पोटरीच्या वेळी कमरेइतकं पाणी ओढ्याला सोडून द्यायचं म्हणजे खालच्या बांध्यांच्या तोंडचा घास काढायचा. पुढं हस्ताचा पाऊस आला तर ठीक, न आला तर धान पोचट. आणि नाही सोडलं अन् पाळ फुटली, तर गावच उरत नाही. माणसं उठून ती जागा पाहून आली. कोरडी ठणठणीत माती, वर गवत. कुणी काठी खुपसून पाहिली, काठी आत जाईना.

सगळ्यात खालच्या बांध्या ज्यांच्या, ते मामाजींचे लहानपणचे सोबती होते. दोघांनी म्हशी बरोबर राखलेल्या. ते वाईट माणूस नव्हते, त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. ते म्हणाले, "दिसत तं काहीच नाही. तुह्या पायाले लागलं काय?"

मामाजी म्हणाले, "लागलं."

"तुह्याच पायाले?"

गावात कुजबुज होतीच. त्यांच्या पावलाला जखमा दिसत, ते लंगडत नसत. लोक आंधळे नसतात.

"मंग दगडावर हात ठेव आन्‌ सांग," सोबती म्हणाले. "मी लगेच तुडूम उघडतो. पह्यला माहाच हात लागन."

मला वाटलं, ठेवतील हात. ठेवायला काय हरकत होती? गाव वाचत होतं, अब्रू वाचत होती, आणि म्हटलं तर खोटंही फार नव्हतं. मी पदराआड मनात म्हणत होते, ठेवा ना मामाजी, ठेवा. ते दगडापर्यंत गेले. हात पुढं केला. शेंदरापासून वीतभर अंतरावर हात थांबला आणि त्यांनी तो मागं घेतला.

"माह्या पायाले काही लागत नाही," ते म्हणाले. "दोन साल झाले. पाय मेले माहे."

माझ्या शेजारी आत्याबाईंनी श्वास घेतला तो मला ऐकू आला. संसार केलेल्या बाईला हे गावाबरोबर कळत होतं.

"मंग लागलं कोणाले?" सोबत्यांनी विचारलं.

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. तलावाकडं पाहत म्हणाले, "सुनेले."

कुणीतरी हसलं. टेसनवालीले, असं कुणीतरी म्हणालं. माझा नवरा काहीतरी बोलायला उठला, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला शब्द सापडला नाही आणि तो बसला. सोबती म्हणाले, "काल आलेल्या पोरीच्या पायावर आम्ही पाणी सोडून द्यावं काय?"

मामाजी म्हणाले, "दोन सालापासून तुम्ही माह्या पायावर भरवसा ठेवून झोपून राहिले. माहे पाय होतेच कोठं? मागच्या सालच्या श्रावणात माती कुटली, गढूळ पाणी निघालं, ते इनंच सांगतलं होतं. दोन साल तुमचं धान इच्या पायावर पिकलं."

हे त्यांनी चढ्या आवाजात म्हटलं नाही. मला पदराआड रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला.

तरी माणसं ती माणसं. "तिले चालून दाखवू द्या," कुणीतरी म्हणालं. आत्याबाईंनी माझ्या पाठीला हात लावला आणि मी उठले. सगळं गाव बघत होतं. मी पदर ओढला आणि पाळीवर चालायला लागले. प्रत्येक पाऊल ठेवताना पायाला विचारलं, काय रे, लागलं का? हे का? इथं का? आणि पाय गप्प. ऊन लागत होतं, खडे लागत होते, दुसरं काही नाही. चालत चालत मी तुडुमापर्यंत पोचले, तेव्हा कळलं की ती जागा मागं राहिली. मी न थांबता तिच्यावरून निघून आले होते.

मागं आवाज झाला, माणसं उठत असल्याचा. आता मामाजींचे पायही गेले आणि शब्दही गेला, आणि तो माझ्यामुळं गेला. तेवढ्यात मामाजींचा आवाज आला. ते आत्याबाईंशी बोलत होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी रोजच्या सुरात. "काय व, दूध चुलीवर राह्यलं काय?"

दूध! मी चुलीवर दूध ठेवून आले होते. खाली लाकूड तसंच जळत होतं. दूध उतू जाणार, पातेलं जळणार, आत्याबाई मला आठवडाभर बोलणार. मी वळले आणि जवळजवळ पळतच घराकडं निघाले. गाव विसरले, तलाव विसरले, डोळ्यांपुढं फक्त उतू जाणारं पातेलं. आणि पळता पळता पाय थांबला.

मी थांबवला नाही. त्याचा तो थांबला. मी पडता पडता सावरले आणि खाली पाहिलं. तीच जागा. मामाजींनी आदल्या दिवशी दोन्ही हात टेकले होते त्यांची बोटं अजून वरच्या धुळीत उमटलेली होती.

मामाजींचे सोबती उठले, वहाणा तर काढलेल्याच होत्या, धोतर खोचलं आणि तुडूम उघडायला पाण्यात उतरले. त्यांच्या मागं बाकीचे. मामाजी म्हणाले, "पह्यले माह्या बांधीचं पाणी बंद करा. तोटा आला तं माह्या घरापासून येऊ द्या."

पाणी उतरल्यावर ती जागा खणली. आत हात जाईल एवढं भोक होतं, कडेची माती चिखल झालेली. कुणी म्हणालं, बापा, वाचलो. कुणी म्हणालं, असे भोक कोणत्या पाळीत नसतात. हस्ताचा पाऊस त्या वर्षी थोडकाच आला. खालच्या बांध्यांतलं धान निम्मं पोचट निघालं, आमचंही. सोबती दिवाळीपर्यंत आमच्याकडं फिरकले नाहीत, मग एक दिवस येऊन चहा पिऊन गेले. पाळ खरंच फुटली असती का? आता नातवंडं विचारतात. मला माहीत नाही. जे होऊच दिलं नाही त्याचा दाखला कुठून आणू? पाय थांबला होता, एवढं मला माहीत आहे.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची संध्याकाळ. दूध जळालंच होतं. आत्याबाई पातेलं राखेनं घासत होत्या आणि मला बोलत होत्या, आणि बोलता बोलता मध्येच डोळे पुसत होत्या. त्या कुणावर रागावल्या होत्या ते त्यांनाही ठाऊक नसावं. दोन वर्षं बुढ्यानं त्यांच्यापासून लपवलं आणि सुनेला दाखवलं, हे त्यांना लागलं होतं. ते लागायलाच हवं होतं. माझा नवरा ओसरीच्या कडेला बसला होता.

मामाजी तलावावरून आले. चिखलानं भरलेले पाय घेऊन ओसरीवर बसले. रोज ते पाय आखडून, धोतराखाली लपवून बसत. आज त्यांनी ते सगळ्यांसमोर लांब केले. पाणी उतरवताना कुठंतरी बेशरमीच्या झुडपाच्या खुंटाची काडी टाचेत घुसली होती. आत्याबाईंनी पाहिलं. त्या उठल्या, आत जाऊन सुई आणली, आणि मला वाटलं आता त्या काढतील. पण त्यांनी सुई माझ्या हातात दिली. "डोळे तुहे चांगले आहेत," त्या म्हणाल्या.

मी मामाजींच्या पायाशी बसले. नमस्काराला वाकण्यापलीकडं मी त्या पायांना कधी हात लावला नव्हता. टाच लाकडासारखी टणक, आणि गार. मी पाणी घेऊन चिखल धुतला, पाय मांडीवर घेतला आणि सुईनं काडीच्या कडेची कातडी उकलली. काडी खोल गेली होती. मामाजी माझ्या हाताकडं पाहत होते, दुसऱ्याच कुणाचं तरी काम चाललं आहे तसे. शेवटी काडीचं टोक सापडलं, मी नखांत धरून ओढलं. ती सरकन बाहेर आली, तिच्यामागं रक्त आलं, आणि माझ्याच तोंडातून कळ आल्यासारखा आवाज निघाला.

मामाजी वाकले. कोठ्यात बैल होता, समोर आत्याबाई होत्या, शेजारी मुलगा होता. त्यांनी कुणाकडंही पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"दुखलं काय, बाई?" त्यांनी मला विचारलं.

"थोडं," मी म्हटलं.